पैसे मागेल तो चोर

म्हैस गेली आणि घरातला फोन वाजायला लागला.

त्याआधी तो दिवसच्या दिवस मुका पडलेला असे. सासू मधूनच उचलून तो कानाला लावायची, "धुगधुगी आहे अजून," म्हणायची आणि परत फळीवर ठेवायची. आता तो धुणं धुताना वाजे, चुलीपाशी वाजे, परसाकडे जाताना वाजे. आणि दर वेळी थोरली हातातलं टाकून धावे.

घरात सून एकच, तरी तिला थोरली म्हणत. धाकटी येईल या भरवशावर हे नाव लग्नातच पडलं होतं. पण धाकट्या दिराला अजून कुणी पोरगी दिली नव्हती, त्यामुळे थोरली नुसतीच थोरली राहिली. दिराला सगळे 'रेंज' म्हणत. हातात फोन धरून तो कायम छपरावर, भिंतीवर नाहीतर झाडावर असे. खाली उतरला की त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही.

उन्हाळा असा पेटला होता की ओढ्यातल्या दगडांचे सांगाडे दिसायला लागले होते. म्हशीच्या डुंबायच्या खड्ड्यात चिखलाच्या खपल्या उरल्या होत्या. थोरली दुपारी तिच्या अंगावर बादली ओतायची, पण म्हशीला बादलीभर पाणी म्हणजे जावयाला अर्धा कप चहा. उपकार राहिला बाजूला, अपमानच. शेवटी एका सकाळी खुंट्याच्या जागी खड्डा दिसला. दावं खुंट्यासकट गेलं होतं, आणि दाव्यासकट म्हैस. गाभण होती, दिवस भरत आले होते. वाटेत कुठं अडली, खड्ड्यात पडली, तर पोटातलंही जाणार आणि पोटाबाहेरचंही.

नवरा त्याच दिवशी काठी घेऊन बाहेर पडला. कालव्याच्या कडेनं, नाल्यांतून, ओसाड विहिरींत डोकावत तो रोज अंधार पडेपर्यंत चाले. परत आला की पाय घमेल्यात सोडून बसे, आणि घमेल्यातलं पाणी लाल होई. त्याला विचारायचं नाही हे थोरलीला कळत होतं. तिला विचारायचं नाही हे त्यालाही कळत होतं. मग दोघं घमेल्याकडे बघत बसत.

रेंजनं पत्रक काढलं. म्हशीचा मोठा फोटो, त्याभोवती फुलांची चौकट, खाली 'शेपटीचा गोंडा पांढरा, कपाळावर चांदवा, गाभण', आणि त्याच्याखाली ढोबळ्या अक्षरात घरचा फोन नंबर. पत्रक इतकं झोकात झालं होतं की म्हैस हरवली आहे की निवडणुकीला उभी आहे तेच कळेना. ते त्यानं दूधकेंद्रावर लावलं, गिरणीवर लावलं, खांबाखांबावर लावलं, फोनवरून साऱ्या जगाला पाठवलं. आणि साऱ्या जगानं नंबर टिपून घेतला.

पहिला फोन आला तेव्हा थोरलीचे हात शेणात होते. तिनं कोपरानं फोन दाबला.

"सापडली?"

"मॅडम, अभिनंदन! तुमचं कर्ज मंजूर झालंय."

"कसलं कर्ज? म्हैस सापडली का?"

"मॅडम, म्हशीसाठीही मिळेल."

मग रीघच लागली. एकजण जिवाचा विमा काढा म्हणाला. कुणाच्या जिवाचा, हे थोरलीनं विचारलं, तर म्हणाला, घरातल्या सगळ्यात उपयोगी माणसाचा. थोरलीनं विचार केला आणि म्हणाली, "तीच तर हरवलीय." एका पोरीनं समुद्राकाठचा प्लॉट दाखवला. एका घोगऱ्या आवाजानं धमकावलं, की केवायसी झालं नाही तर दोन तासांत फोन बंद पडेल. "पडू दे बाबा," असं थोरली म्हणाली असती, पण दोन तासांत म्हैस सापडली तर कळणार कसं, या भीतीनं ती दोन तास फोनकडे बघत बसली. तो पडला नाही. उलट आणखी वाजला.

न उचलावा तरी पंचाईत. प्रत्येक अनोळखी नंबर म्हणजे कुठल्यातरी गावातला कुणीतरी माणूस, ज्याच्या दारात तिची म्हैस उभी आहे. तिनं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुतळीनं गळ्यात बांधला. तो थरथरला की काळीज थरथरे. पुढं पुढं फोन गप्प असला तरी छातीत थरथरे, आणि ती पिशवी सोडून बघे तर काही नसे.

चौथ्या की पाचव्या दिवशी खरा फोन आला. निदान तसं वाटलं.

"ताई, म्हैस माझ्याकडे आहे. पांढरा गोंडा, कपाळावर चांदवा. गाभण आहे, बरोबर?"

थोरलीनं पिशवीसकट फोन कानाला दाबला. "हो! हो हो! खातेय का ती?"

"खातेय, पण रडतेय. टेम्पोत घालून आणतो. फक्त भाडं आधी पाठवा, ड्रायव्हर अडून बसलाय."

वैरणीसाठी ठेवलेले पैसे रेंजनं छपरावर चढून पाठवले. टेम्पो आला नाही. नवरा दिलेल्या पत्त्यावर चालत गेला, तर तिथं सिमेंटचं दुकान होतं. दुकानदार भला माणूस. म्हैस नाही म्हणून त्यानं वाईट वाटून घेतलं आणि सिमेंट हवं का विचारलं.

दुसऱ्या दिवशी रेंजनं कायदा केला. फसलेल्या माणसाइतका ठाम कायदा कुणाला करता येत नाही.

"वहिनी, आजपासून एकच. पैसे मागेल तो चोर. म्हैस आहे म्हणो नाहीतर हत्ती आहे म्हणो. पैशाचं नाव काढलं की चोर."

"आणि खरा असला तर?"

"खरा माणूस पैसे मागतो का कधी?"

थोरलीला आजवर भेटलेल्या सगळ्या खऱ्या माणसांनी पैसे मागितले होते. पण दीर शिकलेला होता. फोनचा कोर्स करून आला होता.

कायद्याबरोबर हत्यारही मिळालं, आणि ते सासूच्या रूपानं. झालं असं, की एकदा थोरली फोन घरी ठेवून पाणी भरायला गेली असताना विमेवाल्याचा फोन सासूनं घेतला. थोरली परत आली तरी ती बोलतच होती. गुडघ्यापासून सुरुवात झाली होती आणि गाडी मेलेल्या सासऱ्याच्या दातापर्यंत पोहोचली होती. तिकडून "आजी, ठेवू का?" असा केविलवाणा आवाज येत होता. तो विमेवाला परत कधी फोनला आला नाही.

"आईकडे द्यायचा!" रेंज ओरडला. "सगळे आईकडे!"

तेव्हापासून तीच रीत पडली. थोरली एकच विचारे, "पैसे मागताय का?" आणि हो म्हटलं की, "आईंशी बोला." सासूच्या चेहऱ्यावर तजेला आला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिचं ऐकत होतं. ती केस विंचरून बसायला लागली.

कांदा निंदायचं काम चालू होतं, ते सोडून चालणार नव्हतं. बायांची रांग वाकून पुढं सरकायची, पाठीवर ऊन कातडं ओढल्यासारखं तापायचं. थोरली डावखुरी. तिचं खुरपं रांगेच्या उलटं चालायचं आणि उपसलेली माती शेजारणीच्या तोंडावर उडायची. म्हणून तिला कायम कडेची ओळ, बांधालगतची, दगडाची.

"उलट्या हाताची!" मुकादमीण बांधावरून म्हणायची. "देवानं तुला घाईत केली का गं?"

"मोकळ्या वेळात केली. म्हणून वेगळी झाले."

बाया हसायच्या. पण कडेची ओळ काही सुटायची नाही.

घरीही हेच. सगळं जग ज्या बाजूला बसून धार काढतं, त्याच्या उलट्या बाजूला ती बसे. म्हैस लहानपणापासून तिच्याच हाताखाली वाढलेली, तिला तीच रीत वाटे. रीतीच्या बाजूनं नवरा गेला, एकदाच गेला. तेव्हापासून थंडीत त्याची मांडी दुखते.

फोन दुसऱ्यांदा वाजला त्या दिवशी मुकादमीण खवळली. "तुझा फोन वाजला की सगळी रांग मान वर करते. अर्धा दिवस खाडा धरीन. काम करायचं का म्हैस शोधायची?"

दुसऱ्या दिवसापासून थोरलीनं सासूलाच शेताकडे आणलं आणि कडेच्या झाडाखाली फोन देऊन बसवलं. निंदताना ती एक डोळा खुरप्यावर ठेवी, एक झाडावर. डोळे दुखायला लागले, पण दोन्हीकडे काहीच नवं दिसलं नाही.

त्याच दुपारी रेंज पाण्याची कळशी घेऊन आला असताना फोन आला. त्यानं आवाज मोठा करून बायांसमोर धरला. चोर कसा ओळखायचा हे त्याला सगळ्यांना शिकवायचं होतं.

"कोंडवाड्यातून बोलतोय," एक कोरडा, दमलेला आवाज म्हणाला. "भिंतीवरच्या पत्रकावर हा नंबर आहे. म्हैस तुमची का?"

थोरली खुरपं टाकून उठली. रेंजनं तिला हातानं थांबवलं.

"कुठं सापडली साहेब?"

"नगरपालिकेच्या बागेत. कारंज्यात बसली होती."

रांगेतून हसू फुटलं.

"कारंज्यात?"

"कारंज्यात. कारंजं चालू असताना. उठवली तर उठेना. माळ्यानं कारंजं बंद केलं, तेव्हा उठली, आणि माळ्याच्या मागं लागली."

"मग आता?"

"दंड भरा, चारापाण्याचे भरा, कारंज्याची तोटी वाकलीय तिचे भरा, आणि घेऊन जा. नाहीतर बाजाराच्या दिवशी दुपारी लिलाव."

"आलं!" रेंजनं बायांकडे बघून डोळा मारला. "पैसे आले बघा. फोटो पाठवा साहेब, फोटो."

"हा ऑफिसचा फोन आहे. याला वायर आहे. यातून फोटो जात नाही."

"वायर आहे!" रेंज पोट धरून हसला. "अहो, थाप मारायची तर गोठा म्हणा, शेत म्हणा. कारंजं काय? उद्या म्हणाल, झोपाळ्यावर बसली होती!"

"झोपाळ्यापाशीही गेली होती," आवाज प्रामाणिकपणे म्हणाला.

रेंजनं फोन बंद केला. बाया हसून हसून बांधावर बसल्या, मुकादमीणसुद्धा हसली. थोरली तशीच उभी होती. घामाचा थेंब तिच्या हनुवटीवरून टपकला.

"भावजी, जाऊन बघून यायचं का?"

"आणि सिमेंट घेऊन यायचं? वहिनी, आपली म्हैस गोठ्यातून हौदावर जाताना वाटेत दोनदा दम खाते. ती शहरात जाईल? तीही बागेत?"

खरं होतं. थोरली वाकली आणि परत निंदायला लागली. पण तिच्या डोळ्यांपुढून ते कारंजं हलेना. तिनं कधी कारंजं पाहिलं नव्हतं. पाणी वरून खाली पडतंय, परत वर जातंय, कमी होतच नाहीये, अशा पाण्यात डोळे मिटून बसलेली काळी पाठ तिला दिसत राहिली. तिनं तणाबरोबर दोन कांदे उपटले. मुकादमिणीनं ते पाहिले.

साहेबाचा फोन दुसऱ्या दिवशीही आला. थोरलीनं झाडाखालून येणारा आवाज ओळखला, पण ओळ अर्धी होती. सासूनं तिथूनच हात केला, 'तोच, तोच, मी बघते.' आणि बघितलं. गुडघे झाले, दात झाले. नणंदेच्या लग्नात पावसानं जेवणाची पंगत कशी उठवली तेही झालं. नवल म्हणजे हा फोन ठेवीना.

"बाकीचे पळतात," संध्याकाळी सासू म्हणाली. "हा खुर्ची ओढून बसतो. ऐकू येतं मला, कर्रर्र करून ओढतो आणि मग 'हं, आजी' म्हणतो. चोर असला तरी वळण चांगलं आहे."

नवऱ्यानं घमेल्यातून पाय काढले. "उद्या खालच्या अंगाला जातो," तो म्हणाला. खालच्या अंगाला तो आधी दोनदा जाऊन आला होता.

बाजाराचा दिवस उजाडला तो वाऱ्याविना. पानसुद्धा हलत नव्हतं. थोरलीला सकाळपासून कुठं बसवेना. उभी राहिली की बसावंसं वाटे, बसली की पळावंसं. रांगेत तिचं खुरपं दोनदा अंगठ्यावर आलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या झाडाखाली जमल्या, रेंजही आला. थोरलीनं घास हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"त्या बिचाऱ्याचंही कठीण आहे," सासू चावता चावता म्हणाली.

"कुणाचं?"

"तो कोंडवाड्याचा चोर. त्यालाही गुडघा आहे. काल म्हणाला, आजी, तुमचे गुडघे झिजलेत, माझा फुटलाय. म्हशीनं लाथ घातली. वैरण टाकायला गेला होता."

"खोटारडा," रेंज म्हणाला.

"मला तो लेप विचारत होता. मी सांगितला. म्हणाला, मी काही वेगळं केलं नाही आजी, जनावराकडे ज्या बाजूनं जातात त्याच बाजूनं गेलो, तर लाथ. मग घाबरत घाबरत उलट्या बाजूनं गेलो, तर मान खाली घालून गरीब गाईसारखी उभी. असली उफराटी म्हैस जन्मात पाहिली नाही म्हणाला."

थोरलीचा घास हातातून पडला.

"भावजी, पत्रकात हे लिहिलं होतं?"

"काय?"

"उलट्या बाजूचं."

रेंज घास तोंडात तसाच ठेवून तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या कायद्याला पहिल्यांदाच पाय फुटले आणि तो त्याच्या डोळ्यांदेखत चालता झाला.

"आई, फोन द्या. द्या आधी!"

नंबर लागला. बराच वेळ वाजला.

"कोंडवाडा."

"साहेब, मी म्हशीवाली! म्हैस माझी आहे. विकू नका!"

तिकडे माणसांचा गलका होता. कुणीतरी बोली सांगत होतं. "बाई," साहेब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात साचलेला सगळा राग होता, "मी फोन केला तेव्हा तुमच्याकडे बाया हसत होत्या. मला चोर ठरवलंत. आता लिलाव सुरू झाल्यावर म्हैस तुमची? इथं माझ्यासमोर एक मिशीवाला उभा आहे, तोही म्हणतो म्हैस माझी. त्याला गोंडा पाठ आहे, चांदवा पाठ आहे."

"ते पत्रकात आहे साहेब!"

"तुम्हालाही पत्रकातलंच माहीत असेल. फोनवरून कुणीही काहीही बोलतो. मी का विश्वास ठेवू?"

हे वाक्य इतके दिवस झाडाखालच्या माणसांचं होतं.

"साहेब," थोरली म्हणाली, "तुमच्या फोनला मोठा आवाज करायचं बटण आहे?"

"आहे. का?"

"म्हैस लांब आहे?"

"खिडकीबाहेर बांधलीय."

"मग बटण दाबा आणि फोन खिडकीकडे करा. मी हाक मारते."

"इथं ऑफिस आहे बाई."

"अरे पोरा, कर ना सांगते तसं," सासू शेजारून ओरडली. "लेप लावलास का?"

तिकडे खट्ट झालं. मग गलका मोठा ऐकू यायला लागला.

थोरली उभी राहिली. साऱ्या बाया तिच्याकडे बघत होत्या, मुकादमीण घास तोंडात धरून. ती हाक गोठ्यातली होती, पहाटेची, अंधारातली. नवऱ्यानं एकदा ती चोरून ऐकली होती आणि म्हणाला होता, मला तू कधी अशी बोलावत नाहीस. तिचे कान तापले. तिनं डोळे मिटले, जीभ टाळूला लावून टक टक केलं आणि गळा मोकळा सोडला.

"येऽऽ गं... येऽऽ गं बाये... माझे आये, येऽऽ..."

कुणीतरी फिस्सकन हसलं. फोनमधून काही आलं नाही. मिशीवाल्याचा असावा असा एक आवाज म्हणाला, "वेडी आहे का ती?"

"परत," मुकादमीण म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "मोठ्यानं मार. लाजतेस काय!"

थोरलीनं छाती भरून घेतली. "येऽऽऽ गं बायेऽऽऽ!"

आणि फोनमधून हंबरडा आला. असा आला की सासूनं कानावर हात ठेवले. पाठोपाठ काहीतरी मोडलं, लाकडासारखं. "अरे धरा! खुंटा उपटला! दाराकडे, दाराकडे!" माणसं पळाली. खुर्ची पडली. काचेचं काहीतरी फुटलं. साहेबाचा आवाज एकदम उंचावरून यायला लागला, "बाई, बोलणं थांबवा! हाक मारू नका! ती आत..." आणि फोन तुटला.

परत लावला, लागेना. परत लावला, लागेना.

"बसा वहिनी!" रेंज बांधावर उभ्या कुणाच्यातरी मोटारसायकलकडे पळत म्हणाला.

"अर्धा दिवस खाडा धरा," थोरली पळता पळता मुकादमिणीला म्हणाली.

"जा गं! खाड्याची काय पडलीय!"

वाटेत उकळत्या डांबराचा वास होता आणि खांबाखांबावर म्हशीचा फोटो. फुलांच्या चौकटीतून ती थोरलीकडे बघत मागं पडत होती. रेंजची मान कॉलरीत घुसत घुसत कानापर्यंत गेली होती.

कोंडवाड्याच्या आवारात लिलावाला आलेली माणसं भिंतीवर चढून बसली होती. मिशीवाला तर पार फाटकाबाहेर, मांडी चोळत उभा होता. तो रीतीच्या बाजूनं गेला असणार. ऑफिसच्या दाराची एक फळी लोंबत होती. आत म्हैस टेबलापाशी उभी होती, खुंटा मागं लोंबकळत, आणि टेबलावरच्या फोनला चाटत होती. रिसीव्हर चाटून चाटून तिनं चकचकीत केला होता. कपाटावर गुडघ्याला लेप लावलेला एक बारीकसा माणूस बसला होता.

"हाक मारणाऱ्या तुम्हीच का?" त्यानं वरून विचारलं.

थोरलीला उत्तर द्यायची गरज पडली नाही. म्हशीनं तोंड वळवलं. थोरली उलट्या बाजूनं गेली, मानेला मिठी घातली आणि दुसरा हात पोटाखाली फिरवला. आत काहीतरी हललं. धडधाकट हललं.

"आता उतरू का?" साहेबानं विचारलं.

"उतरा. पण या बाजूनं."

तो उतरला, लंगडत खुर्ची सरळ केली, बसला, आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "दंड, चारापाणी, तोटी. आता दार आणि काच."

थोरलीनं रेंजकडे पाहिलं. रेंजनं जमिनीकडे पाहिलं. मग तिनं पैसे दिले. जे होते ते दिले, बाकीचे मुकादमिणीकडून उचल घेऊन महिन्याभरात देते म्हणाली. साहेबानं विश्वास ठेवला. ठेवला नसता तर तिला काही वाटलं नसतं.

म्हैस चालतच घरी आली. नवरा वाटेतच भेटला, खालच्या अंगाकडून येत होता. त्यानं खुंटा उचलून खांद्यावर घेतला आणि मागनं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी रेंजनं सगळी पत्रकं फाडली आणि फोनमध्ये असलं काहीतरी केलं, की अनोळखी माणसाचा फोन आला तर वाजतच नाही. घर एकदम शांत झालं. थोरली कामावर गेली, कडेची ओळ तिचीच होती. छातीतली थरथर दोन दिवसांनी थांबली.

सासूचं मात्र बिनसलं. ती केस विंचरून बसे, फोन मांडीवर घेई, कानाला लावून बघे. "धुगधुगी आहे," म्हणे, आणि परत ठेवत नसे.

म्हैस व्याली त्या दिवशी दुपारी, थोरली पारडीला पुसत असताना, सासूनं स्वतः फोन लावायला सांगितला.

"कोंडवाडा," तिकडून कोरडा आवाज आला.

"पारडी झाली रे पोरा. बापा, डोकं केवढं! आता तू सांग. गुडघा कसा आहे?"

तिकडून कर्रर्र करून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.